महिन्याचा आकडा बरोबर, वर्षाचा चुकीचा: ठरावीक काळाने गोळा होणाऱ्या आकड्यांवरचे निर्देशक कसे तपासावेत

दर आठवड्याला, महिन्याला किंवा तिमाहीला फॉर्म भरून जे आकडे गोळा होतात, त्यांच्यावर रिपोर्ट बांधणाऱ्या प्रत्येकाला हा बिघाड कधी ना कधी गाठतोच. एकेका महिन्याचा आकडा चोख असतो. पण 'वर्षाच्या सुरुवातीपासून आतापर्यंत', 'गेल्या वर्षीचा हाच महिना' किंवा 'मागचे बारा महिने' असं काही मागितलं की उत्तर हाताने केलेल्या हिशोबाशी जुळत नाही. हे दुरुस्त करायची वेळ माझ्यावर इतक्यांदा आली आहे की आता मी फॉर्म्युला सगळ्यात शेवटी उघडते. फॉर्म्युला चुकलेला क्वचितच असतो. चूक बहुतेक वेळा तारखेत असते, नाहीतर कॅलेंडरमध्ये, नाहीतर तो आकडा कोणत्या जातीचा आहे हे न ओळखण्यात.

खालची उदाहरणं पॉवर बीआय या रिपोर्टिंगच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत आहेत, कारण माझं रोजचं काम त्यात चालतं. पण एक्सेलचं पिव्होट असो की दुसरं कुठलं रिपोर्टिंगचं सॉफ्टवेअर, दुखणी हीच असतात. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण धरून चालू. चार केंद्रं आहेत: अ, ब, क आणि ड. प्रत्येक केंद्र दरमहा एक फॉर्म भरतं आणि त्यात तीन रकाने आहेत: महिनाअखेरीस असलेले सदस्य, त्या महिन्यात नव्याने आलेले सदस्य, आणि वर्षाच्या सुरुवातीपासून झालेला खर्च.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं, ते आधी ठरवा. पुढे कुठे जास्त वेळ द्यायचा ते त्यावरून कळेल.

- वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज म्हणून जे दिसतं, तो नुसता त्या महिन्याचाच आकडा असतो. बेरीज चढतच नाही.
- एक महिना कोरा आणि त्याच्या पुढच्या महिन्यात दुप्पट.
- सगळं वर्ष जानेवारीत गोळा झालंय, बाकीचे अकरा महिने रिकामे.
- तिमाहीचा किंवा वर्षाचा आकडा अशक्य मोठा: ४२५ सदस्यांच्या जागी १,२३५.
- चालू महिन्यात प्रत्येक गोष्ट 'गेल्या वर्षीपेक्षा घटली' असं दिसतं आणि महिना संपला की आपोआप सुधारतं.
- बेरजेची रेघ अजून न आलेल्या महिन्यांतही सपाट पुढे धावते.
- एकूण ओळीतली टक्केवारी कुठल्याच हिशोबात बसत नाही.
- एखाद्या महिन्याचा आकडा उणे येतो.

पहिली तपासणी: कागदावर एकच आकडा

याला काहीच खर्च नाही, तरी बहुतेक जण हे टाळतात. एक केंद्र घ्या, एक तिमाही घ्या, मूळ फॉर्मवरचे तीन आकडे कागदावर उतरवा आणि उत्तर हाताने काढा. रिपोर्टमध्ये तेवढंच केंद्र आणि तेवढेच महिने निवडा. दोन्ही जुळले तर बिघाड एका केंद्राच्या हिशोबात नाही, केंद्रं एकत्र करताना होतोय. जुळले नाहीत तर तुमच्या हातात एक लहान, पकडता येणारी चूक आली. चार केंद्रांच्या पाच वर्षांच्या गर्दीत चूक शोधायला लागलात तर दिवस जाईल.

त्याच बैठकीत दोन गोष्टी बघून घ्या: शेवटचा रिफ्रेश कधी झाला, आणि पानावर किंवा संपूर्ण रिपोर्टवर एखादा फिल्टर विसरून राहिलाय का. एक जुना 'फक्त चालू वर्ष' फिल्टर गेल्या वर्षीच्या तुलनेचा सगळा रकाना पुसून टाकू शकतो.

दुसरी तपासणी: हजेरीपत्रक

मला एकच तपासणी करायची मुभा असती तर मी हीच केली असती. एक मॅट्रिक्स, म्हणजे आडव्या-उभ्या चौकोनांचा तक्ता, बनवा. डावीकडे केंद्रं, वर महिने, आणि आत आकड्यांची बेरीज नव्हे, तर ओळींची मोजणी. शाळेतल्या हजेरीपत्रकासारखं. प्रत्येक केंद्राचा दरमहा एकच फॉर्म येणार असेल तर प्रत्येक चौकोनात १ हवा.

जिथे कोरं आहे तिथे फॉर्म आलेला नाही. जिथे २ आहे तिथे फॉर्म दोनदा मोजला जातोय. बहुतेक वेळा केंद्राने चूक सुधारून फॉर्म पुन्हा पाठवलेला असतो आणि जुनाही टेबलात तसाच राहिलेला असतो. जिथे कोऱ्याच्या लगेच पुढे २ आहे, तिथे फॉर्म आलाय पण चुकीच्या महिन्यात बसलाय. म्हणजे तिसऱ्या तपासणीचं काम.

फॉर्म न येणं आणि फॉर्ममध्ये शून्य येणं यांतला फरकही इथेच सांभाळायचा. डेटा आणताना कुणीतरी नीटनेटकं दिसावं म्हणून कोऱ्या जागी शून्य भरून टाकतं, आणि मग सरासरी खाली येते. नऊ महिने फॉर्म आले, प्रत्येकात २००. सरासरी २०० असायला हवी. न आलेल्या तीन महिन्यांत शून्य भरलं की तीच १५० होते. केंद्राचं काम जराही बदललेलं नाही, तरी रिपोर्ट त्याला मागे पडलेलं दाखवतो. न आलेला फॉर्म कोराच राहू द्या.

हे हजेरीपत्रक काम झाल्यावर पुसू नका. रिपोर्टमध्ये शेवटच्या पानावर कायमचं ठेवा. पुढच्या वेळी कुणी 'आकडा चुकतोय' म्हणालं की आधी तेच पान उघडायचं.

तिसरी तपासणी: ही तारीख नेमकी कशाची?

मार्चचा फॉर्म मार्च संपल्यावरच भरला जातो. समजा तो ४ एप्रिलला भरला. टेबलात जी तारीख आली ती ४ एप्रिलची, म्हणजे फॉर्म भरल्याची. रिपोर्ट बिचारा तारीख बघून तो एप्रिलमध्ये टाकतो. पुढच्या महिन्यात केंद्राने फॉर्म वेळेत, ३० एप्रिललाच भरला तर एप्रिलमध्ये दोन फॉर्म आणि मार्च कोरा. 'एक महिना कोरा आणि पुढचा दुप्पट' हे लक्षण इथून येतं.

उपाय साधा आहे. फॉर्म कोणत्या महिन्याचा, हा स्वतंत्र रकाना हवा आणि सगळे निर्देशक त्यावरच चालायला हवेत. भरल्याची तारीख वेगळी ठेवा. फॉर्म किती उशिरा येतात हे मोजायला ती लागते, तेवढंच तिचं काम. फॉर्मवर महिना नुसता 'मार्च २०२४' असा लिहिलेला असेल तर त्याची पूर्ण तारीख बनवा, आणि सगळीकडे एकच रीत पाळा. मी महिन्याची शेवटची तारीख धरते. कारण पॉवर बीआयची 'क्लोझिंग बॅलन्स मंथ'सारखी फंक्शनं महिन्याच्या शेवटच्या दिवशीच आकडा शोधतात. तुमचा आकडा १ तारखेला किंवा २८ मार्चला नोंदलेला असेल, तर ३१ मार्चला त्यांना काहीच सापडत नाही आणि उत्तर कोरं येतं.

चौथी तपासणी: तारीख खरंच तारीख आहे का?

डोळ्यांना तारीख दिसते, पण सॉफ्टवेअरला तो मजकूर असू शकतो किंवा वेगळीच तारीख असू शकते. इथे तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, दिवस आणि महिना यांची अदलाबदल. ०३/०४/२०२४ म्हणजे तुमच्या लेखी ३ एप्रिल. पण संगणकाची प्रादेशिक सेटिंग महिना आधी धरणारी असेल तर तो ४ मार्च वाचतो. तेरा किंवा त्यापुढची तारीख आली की 'तेरावा महिना' नसल्यामुळे एरर येते किंवा तो मजकूरच राहतो. त्यामुळे रोजच्या नोंदी असतील तर गोंधळ लगेच उघड होतो. खरा घात होतो तो महिन्याच्या १ तारखेने नोंदलेल्या डेटात. ०१/०२ होते २ जानेवारी, ०१/०३ होते ३ जानेवारी, आणि ०१/१२ होते १२ जानेवारी. एकही एरर नाही, एकही ओळ कोरी नाही, आणि अख्खं वर्ष जानेवारीच्या पहिल्या बारा दिवसांत. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी दुपारभर फॉर्म्युले तपासत बसले होते. पॉवर क्वेरीमध्ये, म्हणजे डेटा आणून साफ करण्याच्या भागात, त्या रकान्याचा प्रकार बदलताना 'युझिंग लोकॅल' निवडा आणि डेटा ज्या पद्धतीने लिहिलाय तो प्रदेश सांगा. रिपोर्ट कुठल्याही संगणकावर उघडला तरी मग वाचन एकच राहतं.

दुसरी, तारखेला चिकटलेली वेळ. एक्सेलसाठी तारीख म्हणजे दिवसांची मोजणी असते. ३१ मार्च २०२४ म्हणजे ४५३८२. त्याच दिवशी संध्याकाळी साडेसहाला भरलेला फॉर्म म्हणजे ४५३८२.७७. रकाना फक्त तारीख दाखवत असला तरी आत तो दशांश असतो. कॅलेंडर टेबलात, म्हणजे रोजची एक ओळ असलेल्या तारखांच्या टेबलात, मात्र नुसता ४५३८२ आहे. दोन्ही सारखे नाहीत, म्हणून दोन टेबलांमधलं नातं जुळत नाही आणि आकडा 'ब्लँक' नावाच्या ओळीत जाऊन बसतो. रकान्याचा प्रकार 'तारीख-वेळ' ऐवजी 'तारीख' करा. दिसण्याचा फॉरमॅट बदलून उपयोग नाही, प्रकारच बदलायला हवा.

तिसरी, सर्व्हर वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवत असेल तर महिन्याच्या सीमेवरचे फॉर्म घसरतात. यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असलेल्या ठिकाणी १ एप्रिलला पहाटे दोनला झालेली नोंद सर्व्हरवर ३१ मार्चची असते. आधी स्थानिक वेळ करायची आणि मगच वेळेचा भाग काढायचा. क्रम उलटा झाला तर चूक कायमची राहते.

पाचवी तपासणी: कॅलेंडर टेबल

'वर्षाच्या सुरुवातीपासून' या शब्दांना सॉफ्टवेअरच्या लेखी अर्थ येतो तो कॅलेंडर टेबलामुळे. फॉर्मच्या टेबलात फक्त फॉर्म आलेल्या तारखा असतात आणि मधल्या तारखा नसतात. पॉवर बीआयच्या कालगणनेच्या फंक्शनांना मात्र रोजची एक ओळ लागते: एकही दिवस गाळलेला नको, एकही दुबार नको, आणि ज्या वर्षांचा डेटा आहे ती वर्षं पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण हवीत. डेटा महिन्याचा असला तरी कॅलेंडर दिवसांचंच लागतं. महिन्याला एक ओळ असलेलं कॅलेंडर बनवून मग 'गेल्या वर्षीचा महिना' कोरा का येतो, असा प्रश्न मला कितीदा तरी आला आहे.

टेबल नीट असेल तर त्याचा वापर तपासा. रिपोर्टच्या अक्षावर महिना कुठून घेतलाय? कॅलेंडरमधून की फॉर्मच्या टेबलातून? फॉर्मच्या टेबलातला महिना ओढून घेतला असेल, तर बेरजेचा फॉर्म्युला कॅलेंडरवर मागचे महिने उघडतो, पण फॉर्मच्या टेबलावरचा 'फक्त मार्च' हा फिल्टर तसाच राहतो. म्हणून बेरीज म्हणून मार्चचाच आकडा दिसतो. पहिल्या लक्षणामागे बहुतेक वेळा हेच असतं. कॅलेंडर आणि फॉर्म यांचं नातं तारखेऐवजी २०२४०३३१ असल्या आकड्याने जोडलेलं असेल आणि कॅलेंडरला 'मार्क अ‍ॅज डेट टेबल' केलेलं नसेल, तरी अगदी हेच दिसतं. तेवढी एक खूण केली की बेरीज चढायला लागते.

'ऑटो डेट/टाइम' ही सेटिंगही बंद करा. ती चालू असली की पॉवर बीआय प्रत्येक तारखेच्या रकान्यामागे आपलं एक लपलेलं कॅलेंडर उभं करतं. मग कुठे तुमचं कॅलेंडर, कुठे ते लपलेलं, असा एकाच पानावर दोन पंचांगांचा कारभार होतो. एक इशारा: आधीचे तक्ते त्या लपलेल्या कॅलेंडरवर बांधलेले असतील तर ते मोडतील, म्हणून फाइलची एक प्रत ठेवून मगच हात लावा.

वर्ष जानेवारीत सुरू होत नसेल तर ते सांगावं लागतं. 'टोटल वायटीडी' फंक्शनला वर्षाची शेवटची तारीख दिली नाही तर ते ३१ डिसेंबर धरतं. वर्ष एप्रिल ते मार्च असेल तर ३१ मार्च द्या, नाहीतर बेरीज ऐन वर्षाच्या मध्यात जानेवारीला शून्यावर येईल.

बेरजेची रेघ न आलेल्या महिन्यांत पुढे धावत असेल तर घाबरू नका, कॅलेंडर डिसेंबरपर्यंत असल्यामुळे ती धावते. मेझरमध्ये, म्हणजे निर्देशकाच्या फॉर्म्युल्यात, एवढीच अट घाला की शेवटचा फॉर्म आलेल्या महिन्यानंतर उत्तर कोरं द्यायचं.

सहावी तपासणी: आकड्याची जात

आतापर्यंतचं सगळं ठीक असून आकडा चुकत असेल तर इथे थांबून नीट विचार करा. ही तपासणी डोक्याने करायची आहे, माऊसने नाही. फॉर्मवरचे आपले तिन्ही रकाने आकडेच आहेत, पण काळाशी त्यांचं वागणं पूर्ण वेगळं आहे.

'त्या महिन्यात नव्याने आलेले सदस्य' हा प्रवाह आहे. जानेवारीचे, फेब्रुवारीचे, मार्चचे मिळवा, तिमाहीचं उत्तर आलं. इथे काही बिघडत नाही.

'महिनाअखेरीस असलेले सदस्य' ही शिल्लक आहे. अ केंद्रात जानेवारीअखेर ४००, फेब्रुवारीअखेर ४१०, मार्चअखेर ४२५. तिमाहीत सदस्य किती? ४२५. सॉफ्टवेअर मात्र आपल्या सवयीने मिळवणी करतं आणि १,२३५ सांगतं. शिल्लक केंद्रांमध्ये मिळवता येते, महिन्यांमध्ये नाही. तिमाहीसाठी शेवटच्या महिन्याची शिल्लक घ्यायची, किंवा गरज असेल तर महिन्यांची सरासरी. दोन्हींचा अर्थ वेगळा आहे, त्यामुळे कोणती घेतली ते निर्देशकाच्या नावातच लिहा.

शेवटचा भरलेला आकडा घेण्यासाठी 'लास्ट नॉन ब्लँक' वापरतात आणि इथे एक सापळा आहे. फेब्रुवारीत चार केंद्रांची शिल्लक बघा: अ ४१०, ब २३०, क ९०, ड १५०. एकूण ८८०. मार्चमध्ये अ ४२५, ब २३५, ड १५५, आणि क चा फॉर्म आलेलाच नाही. एकूण ओळ शेवटचा भरलेला महिना म्हणून मार्च पकडते आणि ८१५ दाखवते. आलेखात ६५ सदस्य गळाले! प्रत्यक्षात तिन्ही केंद्रं मिळून २५ ने वाढली आहेत. म्हणून शेवटचा आकडा आधी प्रत्येक केंद्रासाठी वेगळा शोधायचा आणि मग मिळवायचा. क चे फेब्रुवारीतले ९० धरून ९०५ होतात. डॅक्समध्ये, म्हणजे पॉवर बीआयच्या फॉर्म्युल्यांच्या भाषेत, यासाठी 'समएक्स'ने केंद्रांवरून एकेक फिरावं लागतं.

पण क ने वर्षभर फॉर्मच दिला नाही तर ते ९० किती दिवस धरायचे? याचं उत्तर सॉफ्टवेअर देणार नाही. निर्देशक ज्यांचा आहे त्यांना विचारा, दोन महिने की तीन ते ठरवा, आणि तेवढी मर्यादा मेझरमध्ये घाला. शेजारी 'इतक्या केंद्रांचे फॉर्म आले' हाही आकडा दाखवा. तो नसेल तर वाचणाऱ्याला ९०५ मधले ९० जुने आहेत हे कधीच कळणार नाही.

तिसरा रकाना, 'वर्षाच्या सुरुवातीपासूनचा खर्च', हा आधीच मिळवलेला आकडा आहे. जानेवारीत १२,०००, फेब्रुवारीत २७,५००, मार्चमध्ये ३९,०००. यावर वर्षाच्या बेरजेचा फॉर्म्युला लावला की ७८,५०० येतात, कारण जे आधीच मिळवलंय ते पुन्हा मिळवलं जातं. खरं उत्तर ३९,०००, म्हणजे शेवटचा आकडा जसाच्या तसा. फक्त मार्चचा खर्च हवा असेल तर वजाबाकी: ११,५००. वर्षाच्या पहिल्या महिन्यात वजाबाकी करायची नाही, नाहीतर गेल्या वर्षाची अखेर त्यातून वजा होऊन उणे आकडा येतो.

आणि मधला फॉर्म हरवला तर? फेब्रुवारी कोरा असेल तर 'मागचा महिना' शून्य धरला जातो आणि मार्चचा खर्च ३९,००० दिसतो. मागच्या महिन्याऐवजी मागच्या भरलेल्या आकड्याशी वजाबाकी केली तर २७,००० येतात. पण ते दोन महिन्यांचे आहेत. ते एका महिन्याच्या खात्यावर टाकू नका. मीटरच्या रीडिंगचंही असंच असतं. एक रीडिंग २८ दिवसांनी आणि दुसरं ३५ दिवसांनी घेतलं असेल तर आधी दिवसांनी भागा, मगच तुलना करा. वर्षाच्या मध्येच उणे आकडा आला तर मीटर बदललाय किंवा मागची चूक सुधारली आहे. तिथे माणसाला फोन करून विचारण्याला पर्याय नाही.

फॉर्मच्या मथळ्यावरून जात कळत नसेल तर एका केंद्राचे बारा महिन्यांचे आकडे ओळीने लिहून काढा. सतत चढत जाऊन वर्ष बदलताच खाली कोसळत असतील तर ते आधीच मिळवलेले. एकाच उंचीच्या आसपास थोडे हलत असतील तर शिल्लक. मनमानी वरखाली होत असतील तर प्रवाह. हे प्रत्येक केंद्रासाठी करा. एका कामात मला रकान्याचं नाव नुसतं 'एकूण खर्च' असं मिळालं होतं. तीन केंद्रं त्यात महिन्याचा खर्च लिहीत होती आणि चौथं वर्षाच्या सुरुवातीपासूनचा. चौथ्याची चूक म्हणता येणार नाही, नावावरून दोन्ही अर्थ निघत होते. पण वर्षभर त्या केंद्राकडे उधळपट्टी करणारं म्हणून पाहिलं गेलं, आणि त्यांना मान खाली घालून खुलासे द्यावे लागले. ओळीने लिहिलेले बारा आकडे बघितले असते तर पायऱ्या पहिल्याच दिवशी दिसल्या असत्या. म्हणून ही तपासणी मी कधीही गाळत नाही.

सातवी तपासणी: टक्केवारी आणि दर

टक्केवारीची सरासरी काढू नका. एका केंद्रात १० पैकी ९ कामं पूर्ण, म्हणजे ९० टक्के. दुसऱ्यात ४०० पैकी १२०, म्हणजे ३० टक्के. सरासरी ६० येते. खरं उत्तर ४१० पैकी १२९, म्हणजे ३१.५ टक्के. फॉर्ममध्येच टक्केवारी भरून घेतली जात असेल तर हे पुढे कधीच दुरुस्त होत नाही. अंश आणि छेद वेगवेगळे गोळा करा. भागाकार शेवटी, मेझरमध्ये.

अंश महिन्याचा आणि छेद वर्षाचा असेल तर आणखी एक गोष्ट. ८,००० लोकसंख्येत जानेवारीत २० घटना घडल्या, म्हणजे हजारी २.५. पण तो एका महिन्याचा दर झाला. वार्षिक दरांशी तुलना करायची तर ३६५ ने गुणून ३१ ने भागा, हजारी २९.४ येतात. डीएचआयएस२ या आरोग्याचे आकडे गोळा करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये निर्देशकाला 'अ‍ॅन्युअलाइज्ड' अशी खूण करता येते, ती नेमकं हेच करते. पॉवर बीआयमध्ये हे हाताने लिहावं लागतं. सरळ बाराने गुणलं तर २८ दिवसांचा फेब्रुवारी दरवर्षी शांत महिना वाटतो.

आठवी तपासणी: तुलना समान काळाची आहे का?

आज महिन्याची १२ तारीख असेल आणि रोजचा डेटा येत असेल तर या वर्षीचे १२ दिवस गेल्या वर्षीच्या पूर्ण महिन्यासमोर उभे राहतात. 'सेम पिरियड लास्ट इयर' हे फंक्शन महिना निवडला की अख्खा महिनाच मागे सरकवतं. डेटा कुठपर्यंत आलाय हे त्याला माहीत नसतं. शेवटच्या डेटाची तारीख काढा आणि गेल्या वर्षीचाही हिशोब त्याच दिवसापर्यंत तोडा. मासिक फॉर्म असतील तर अर्धवट महिना तुलनेतून सरळ वगळा.

मागच्या बारा महिन्यांची सरासरी पहिल्या अकरा महिन्यांत फसवी असते. तिसऱ्या महिन्यात तीनच महिन्यांची बेरीज बाराने भागली जाते आणि आलेख वर्षभर चढताना दिसतो. बारा महिने भरेपर्यंत कोरं दाखवा.

आठवड्याच्या डेटाचं दुखणं वेगळं. आयएसओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकाच्या, रीतीत आठवडा सोमवारी सुरू होतो आणि त्यातला गुरुवार ज्या वर्षात, ते त्या आठवड्याचं वर्ष. त्यामुळे सोमवार २९ डिसेंबर २०२५ हा २०२६ च्या पहिल्या आठवड्यात येतो. वर्ष तारखेतून आणि आठवडा आयएसओप्रमाणे घेतला तर तो '२०२५, आठवडा १' होऊन मागच्या जानेवारीत जाऊन मिसळतो. आठवड्याच्या क्रमांकाबरोबर आठवड्याचंच वर्ष साठवा. शिवाय २०१५, २०२० आणि २०२६ या वर्षांत ५३ आठवडे आहेत. त्या ५३ व्या आठवड्याला गेल्या वर्षी जोडीदारच नसतो. त्याची तुलना कशाशी करायची, हे वर्षअखेर येण्याआधी ठरवून ठेवा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पुढच्या गोष्टी दिसल्या तर मी स्वतःही एकटी पुढे जात नाही.

दुरुस्तीसाठी मूळ डेटाबेसमधल्या ओळी पुसाव्या किंवा बदलाव्या लागत असतील तर थांबा. दुबार फॉर्म रिपोर्टमध्ये गाळणं तुमच्या हातात आहे. डेटाबेसमधून काढणं हे डेटाबेस सांभाळणाऱ्याचं काम, आणि तेही बॅकअप घेतल्यावरच.

वर्षाच्या मध्ये केंद्रं जोडली गेली, फुटली किंवा दुसऱ्या विभागात गेली असतील, तर गेल्या वर्षीची तुलना कोणत्या रचनेवर करायची हा प्रश्न डेटा मॉडेलचा आहे. तसंच 'त्या वेळी कळवलेला आकडा' आणि 'नंतर सुधारलेला आकडा' असे दोन्ही हवे असतील तर. त्यासाठी टेबलांची मांडणीच बदलावी लागते. एखाद्या मेझरमध्ये अटी वाढवत नेऊन हे साधत नाही. सहा महिन्यांनी ते मेझर कुणालाच वाचता येत नाही.

एकाच मेझरवर आणखी वीस मेझर उभे असतील आणि ते कुणी, का बांधले हे सांगणारं कुणी नसेल, तरी हात लावू नका. आणि त्या आकड्यावर कुणाचा पगार, अनुदान किंवा कायद्याने द्यायचा अहवाल अवलंबून असेल तर दुरुस्ती बरोबर आहे अशी खात्री असली तरी ती स्वतःहून चढवू नका. निर्देशकाची व्याख्या ज्यांनी ठरवली त्यांची लेखी संमती घ्या, कारण आधी गेलेले अहवालही मग चुकीचे ठरतात आणि ते कसे दुरुस्त करायचे हे त्यांनाच ठरवायचं असतं.

जाणकाराकडे जाताना 'रिपोर्ट चुकतोय' एवढंच घेऊन जाऊ नका. एक केंद्र, एक महिना, फॉर्मवरचा आकडा, हाताने काढलेलं उत्तर, रिपोर्टमधलं उत्तर आणि हजेरीपत्रकाचं पान, एवढं एका कागदावर असू द्या. सोबत त्या रकान्याची जात लिहा: प्रवाह, शिल्लक की आधीच मिळवलेला. ही माहिती त्यांना टेबल बघून कळत नाही आणि तिच्याशिवाय त्यांनाही पहिल्या तपासणीपासूनच सुरुवात करावी लागते.